सावलीतली नोकरी

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुंबईतील सेवा शाखेत २०१४ सालच्या जून महिन्यात मी लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा पाटण तालुक्यातील आमच्या वाडीत घरोघर पेढे गेले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भेटेल त्याला एकच वाक्य सांगितले : "पोरगं सावलीत बसलं." ज्या माणसाने आयुष्यभर चिखलात वाकून भात लावला आणि उन्हात उभे राहून झोडपला, त्याच्या लेखी चांगल्या नोकरीची याहून मोठी व्याख्या असू शकत नव्हती. डोक्यावर पंखा, बुडाखाली खुर्ची आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होणारा पगार. त्या एका वाक्यामुळेच पुढची तीन वर्षे मला ही नोकरी आवडत नाही हे मी कोणालाही सांगू शकलो नाही. सावलीत बसलेल्या माणसाने तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने?

मला दगडांचे वेड होते आणि त्याचे मूळही आबांकडेच होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्यानंतर कित्येक दिवस सगळी वाडी घरात पाऊल न ठेवता खळ्यावर झोपत असे, आणि रात्री जमिनीतून येणारा आवाज ऐकण्यासाठी पोरे जमिनीला कान लावत, या गोष्टी त्यांनी मला इतक्या वेळा सांगितल्या होत्या की कराडला महाविद्यालयात विषय निवडताना मी दुसरा विचारच केला नाही. भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचे तर पदव्युत्तर पदवी हवी होती. घरात बहिणीचे लग्न उभे होते. मग राज्यसेवेच्या परीक्षेचे दोन प्रयत्न वाया गेले, आणि एका मित्राच्या सोबतीने सहज म्हणून दिलेली बँक लिपिकाची परीक्षा मात्र निघाली. ज्याच्या सोबतीने दिली, तो राहिला. अशा नोकरीला नावे ठेवणे हे त्याच्यापुढेही शोभले नसते.

आता कामाचे स्वरूप थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय कंटाळ्याचे स्वरूप कळणार नाही. सेवा शाखेत ग्राहक येत नाहीत. येतात फक्त चेक. पूर्वी कागदी चेक थैल्यांतून एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जात. मी लागलो त्याच्या आदल्या वर्षीच मुंबईत नवी पद्धत सुरू झाली होती, जिच्यात कागद जमा करणाऱ्या बँकेकडेच राहतो आणि पुढे जाते ती त्याची छबी. पुढच्या बाजूची एक करड्या छटांतील व एक काळी-पांढरी आणि मागच्या बाजूची एक काळी-पांढरी, अशा प्रत्येक चेकच्या तीन छब्या. आमच्या बँकेवर काढलेल्या चेकच्या या छब्या माझ्या पडद्यावर एकामागून एक येत. तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे का, अक्षरी आणि आकडी रक्कम जुळते का, कुठे खाडाखोड आहे का, सही नमुन्याशी जुळते का, एवढे पाहायचे आणि कळ दाबायची. शंका आली तर वेगळ्या रांगेत ढकलायचे, तिथे अधिकारी निर्णय घेत. अक्षरी व आकडी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी मानावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याचे, १८ वे कलम सांगते. प्रत्यक्षात आम्ही असा चेक परतच करत असू. वर्षभरात माझ्या मनाला चाळा मिळाला असेल तर तो या एका विसंगतीचा. दिवसाला सातशे-आठशे चेक, म्हणजे महिन्याला पंधरा हजारांच्या वर. त्यांतला एकही माणूस मला दिसत नव्हता.

सुरुवातीचे सहा महिने नवेपणात गेले. त्यानंतर जे सुरू झाले त्याला मी कंटाळा म्हणत होतो, पण तो शब्द फार मोघम होता हे मला पुष्कळ उशिरा कळले. दुपारी घड्याळाकडे पाहावे तर सव्वातीन, आणि बराच वेळ गेल्यावर पुन्हा पाहावे तर तीन वाजून बावीस मिनिटे. डोळे चेकवर फिरत, बोट कळ दाबी आणि मी तिथे नसे. संध्याकाळी डोंबिवलीची जलद लोकल पकडताना आज काय केले हे आठवायचा प्रयत्न केला तर काहीही आठवत नसे. केलेले काम दिसत नाही, त्याचा ढीग उरत नाही आणि उद्या पुन्हा तेवढेच येते. खोलीवर पोचल्यावर जेवून मोबाइल घेऊन पडायचे, एक वाजेपर्यंत जागायचे, कारण झोपले की लगेच सकाळ होते.

या काळात मी जे उपाय केले त्यांतले बहुतेक निरुपयोगी ठरले. एका कानात इअरफोन घालून व्याख्याने ऐकण्याचा प्रयोग आठवडाभर चालला, तो माझ्या चुका दुपटीने वाढल्यामुळे आणि साहेबांनी पाहिल्यामुळे थांबला. सकाळी प्रेरणादायी सुविचार धाडणाऱ्या दोन समूहांत मी सामील झालो होतो. 'काम हीच पूजा' असे उगवत्या सूर्याच्या चित्रावर लिहिलेले वाचून नोकरीत मन रमलेला मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. सर्वांत फसवा उपाय चहाच्या टपरीचा होता. चार वाजता आम्ही पाच-सहा जण खाली उतरत असू आणि साहेब, मुख्यालय, वेतनकरार, बदल्या यांचा यथेच्छ उद्धार करत असू. त्या वीस मिनिटांत फार बरे वाटे. परंतु जागेवर येऊन बसल्यावर सकाळपेक्षा अधिक कडू वाटे, कारण आता स्वतःच्या नाराजीत आणखी पाच जणांच्या नाराजीची भर पडलेली असे. "पाच वर्षं काढ, ग्रॅच्युइटी तरी पदरात पडेल," हा तिथला ठरलेला सल्ला. सल्ला चुकीचा नव्हता, पण पाच वर्षे काढायची कशी हे त्यात नव्हते.

मग २०१६ चा नोव्हेंबर आला. ८ तारखेला रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली, ९ तारखेला बँका बंद राहिल्या आणि १० तारखेला आमच्यातील काही जणांना शाखांमध्ये खिडकीवर बसवण्यासाठी पाठवण्यात आले. मला दक्षिण मुंबईतील एक शाखा मिळाली. सकाळी आठपासून रांग, रात्री नऊपर्यंत हिशेब, शनिवार-रविवारही काम. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग एकदम दोन हजार. मध्येच बोटाला शाई लावण्याचा आदेश. रोज नियम बदलत आणि रोज लोक आम्हाला विचारत की काल एक आणि आज दुसरे असे का. एक कोळीण मावशी ओलसर नोटांचे पुडके घेऊन आल्या. मोजणीचे यंत्र त्या नोटा घेईना, म्हणून मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून, टेबलपंख्याखाली वजने ठेवून त्या वाळत घातल्या आणि मग हाताने मोजल्या. शाखाभर बोंबलाचा वास पसरला. मावशी रांगेतल्या लोकांना सांगत होत्या, "थांबा जरा, माझा पैसा सुकतोय."

त्या सात आठवड्यांत मी जितका थकलो तितका आयुष्यात कधी थकलो नव्हतो. लोकांची होरपळ पाहून वाईट वाटत होते, दोनदा रागावलेल्या गर्दीची भीतीही वाटली. पण मी कंटाळलो नव्हतो, आणि खरे सांगायचे तर दुःखीही नव्हतो. जानेवारीत सेवा शाखेच्या खुर्चीवर परत येऊन बसलो तेव्हा हा फरक इतका स्पष्ट जाणवला की मला स्वतःचीच लाज वाटली. इतरांच्या अडचणीच्या काळात आपल्याला बरे वाटावे, म्हणजे आपण माणूस कसले? पण लाज बाजूला ठेवली तर त्या अनुभवात एक माहिती होती : मला बँकेचा तिटकारा नव्हता. तिटकारा आणखी कशाचा तरी होता.

परत आल्यानंतरचे तीन महिने सर्वांत वाईट गेले. रविवारी मी पूर्वी कल्याणच्या पलीकडे कुठल्यातरी टेकडीवर जाऊन येत असे, तेही सुटले. आवडीचे जेवण बेचव लागू लागले, पहाटे चारला जाग येऊ लागली. बहिणीच्या आग्रहावरून मी ठाण्याला एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नोकरीबद्दल फारसे विचारलेच नाही. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का, आवडीच्या गोष्टींत रस उरला आहे का, झोप आणि भूक कशी आहे, हे किती दिवसांपासून आहे, जगणे नकोसे वाटते का, असे ते विचारत गेले. मग म्हणाले, "नोकरीचा कंटाळा असेल तर रविवारी तो उतरतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रविवारीही उतरत नसेल तर आपण त्याला नुसता कंटाळा म्हणत नाही." रक्ताच्या तपासण्या केल्या, झोपेच्या वेळा बांधून दिल्या, रोज अर्धा तास चालायला सांगितले आणि औषधाचा निर्णय तीन आठवड्यांनी घेऊ म्हणाले. माझ्या बाबतीत औषधाची वेळ आली नाही. आली असती तर मी ते घेतले असते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो. कारण आमच्याकडे दुखणारी दाढ दाखवायला माणूस लाज बाळगत नाही, पण हे दाखवायला बाळगतो.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक काम दिले : रोज केव्हा, काय करताना, किती वाईट वाटले हे लिहून ठेवायचे. बँकेची एक कोरी डायरी माझ्याकडे होती. सहा आठवडे मी दर तासाला एक ओळ लिहिली. वेळ, हातातले काम आणि पाचांपैकी एक आकडा. हा उद्योग सुरुवातीला मला पोरकट वाटला. चौथ्या आठवड्यात मागची पाने चाळली तेव्हा मात्र मी चकित झालो. दिवसभर कंटाळा येतो अशी माझी पक्की समजूत होती. डायरी सांगत होती की तो अडीच ते चार या दीड तासात येतो. सकाळचे आकडे चांगले होते. अकराच्या सुमाराला, जेव्हा चेकची गर्दी असे, तेव्हा तर मला काही वाटतच नव्हते. आणि सर्वांत वाईट आकडे कामाच्या वेळेतले नव्हतेच. ते होते सकाळी डोंबिवलीच्या फलाटावरचे, आणि गावाकडे फोन करून झाल्यानंतरचे.

फोनवर काय होत होते ते लिहिल्यावर कळले. आबा विचारत, "बरं चाललंय न्हवं?" आणि मी म्हणत असे, "झकास." फोन ठेवला की छातीवर धोंडा. फलाटावर काय होत होते, तर महाविद्यालयातल्या मित्रांच्या समूहावर सकाळी छायाचित्रे येत. एक जण राजस्थानात खाणीवर, एक तेल कंपनीत, एक जण संशोधन करत हिमालयात हातोडा घेऊन उभा. म्हणजे मी ज्याला कामाचा कंटाळा म्हणत होतो त्यात खऱ्या कंटाळ्याचा वाटा दीड तासाचा होता. बाकीचे होते ते खोटे बोलण्याचे ओझे, आणि आपण जे व्हायचे होते ते झालो नाही याचे सुतक, जे मी रोज नव्याने पाळत होतो. या तिन्हींना एकच औषध चालणार नव्हते. छायाचित्रांचा समूह मी त्याच दिवशी सोडला; तो प्रश्न एका बोटाने सुटण्यासारखा होता. राहिलेले दोन नव्हते.

दीड तासाच्या कंटाळ्याबद्दल मला मानसशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकात उपयोगी गोष्ट सापडली. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन् तास पाहणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा का निसटतात याचा अभ्यास नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला आणि तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना एका घड्याळासारख्या तबकडीसमोर दोन तास बसवले. काटा एकेक पाऊल पुढे जाई, आणि अधूनमधून एकदम दोन पावले उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचे प्रमाण वाढले. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी ठेवली तेव्हा मात्र नजर टिकली. मी ते पान तीनदा वाचले. सातशे चेकांतला एखादाच वाकडा. तो शोधत बसणे म्हणजे त्या तबकडीसमोरच बसणे. इतकी वर्षे मी ज्याला माझा आळस, माझे चंचल मन, माझी नालायकी म्हणत होतो, तो मानवी डोळ्यांचा आणि लक्ष देण्याच्या शक्तीचा साधा स्वभाव होता. या एका जाणिवेने जेवढे हलके वाटले तेवढे कशानेच वाटले नव्हते.

पण बँकेत अर्ध्या तासाने विश्रांती कोण देणार? त्याचे उत्तर गावाकडे मिळाले. २०१७ च्या दिवाळीत गेलो होतो, भाताची कापणी चालू होती. संध्याकाळी खळ्यावर आबा आणि मी दोघेच होतो, आणि अंधार पडल्यामुळे असेल कदाचित, मी सांगून टाकले की मला कामाचा फार कंटाळा येतो, झोप लागत नव्हती, डॉक्टरकडे गेलो होतो. आबांनी बराच वेळ पेंढ्या रचल्या. मला वाटले, आता सावलीचे निघणार. ते म्हणाले, "लावणीला बी कंटाळा येतोय की. तुला काय वाटलं, आमी हौसंनं वाकतोय व्हय? एकट्यानं लावणी केली तर मानूस येडं हुईल. म्हणून तर पैरा करत्यात."

पैरा म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांसाठी सांगितले पाहिजे. आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात लावणी करायची, उद्या त्याच सगळ्यांनी तुझ्या शेतात. पैशाचा व्यवहार नाही, श्रमाची फेड श्रमाने. मी आजवर समजत होतो की ही मजुरी वाचवण्याची युक्ती आहे. ती कंटाळ्यावरचीही युक्ती आहे हे मला त्या दिवशी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही, पहिल्यांदा कळले. त्यानंतर फोनवर 'झकास' म्हणण्याची गरज उरली नाही. आबा विचारत, "कंटाळा कसा हाय?" जसे एखाद्याच्या गुडघ्याची चौकशी करावी तसे.

मुंबईला परतल्यावर मी शेजारच्या सहकाऱ्यांपुढे पैऱ्याचा प्रस्ताव ठेवला. निवृत्तीला चार वर्षे उरलेली, शाखेत सर्वजण त्यांना काका म्हणत. त्यांच्याकडे परत जाणाऱ्या चेकचे काम होते : कारणाचा शेरा लिहायचा, शाखांना दूरध्वनी करायचा, नोंदी ठेवायच्या. दुपारी अडीचपासून दर अर्ध्या तासाने आम्ही जागा बदलायच्या, असा बेत होता. काका लगेच तयार झाले. त्यांचाही त्या वेळी डोळा लागत असे, हे त्यांनी खाजगीत कबूल केले. विभागप्रमुख मॅडम मात्र तयार होईनात. कोणी काय तपासले याची जबाबदारी ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते रास्तही होते. मग मी महिनाभर स्वतःच्या चुकांची वेळेसह नोंद ठेवली आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. निम्म्याहून अधिक चुका अडीच ते चारच्या दरम्यान होत्या. आपल्याच चुकांची यादी वरिष्ठांच्या हातात देणे हे सरकारी नोकरीत कोणी शहाणा करत नाही. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "प्रत्येक अर्ध्या तासाला आपापल्या पासवर्डने लॉग-इन करणार असाल तर करा. पासवर्ड एकमेकांना दिलात तर दोघांचीही बदली करीन."

परत जाणाऱ्या चेकच्या जागेवर रोज तासभर बसल्यामुळे मला अनपेक्षितपणे माणसे दिसू लागली. 'सही जुळत नाही' या शेऱ्याने परत जाणाऱ्या चेकांत पुष्कळसे वृद्ध खातेदारांचे असत. नमुना सही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, ठाम आणि वळणदार. चेकवरची सही थरथरती, तुटक. पूर्वी मी अशी सही पाहून नुसती कळ दाबत असे आणि त्या आजोबांचा वीजबिलाचा किंवा सोसायटीचा चेक परत जाऊन वर दंड बसत असे. आता काका आणि मी अशा खात्यांची यादी ठेवू लागलो आणि आठवड्यातून एकदा संबंधित शाखेला कळवू लागलो की या खातेदारांना बोलावून नवीन नमुना सही घ्या. काही शाखा दुर्लक्ष करत, काही करत नसत. एका शाखेतून दूरध्वनी आला की आजोबा नवी सही द्यायला आले होते आणि विचारत होते की माझा हात थरथरतो हे मुंबईत कोणाला कळले. त्या दिवसाच्या डायरीत आकड्याच्या जागी काहीच लिहिलेले नाही.

सुतकाचा प्रश्न अजून शिल्लक होता. डॉक्टरांनी सांगितलेले अर्धा तास चालणे मी जेवणाच्या सुट्टीत उरकत असे. फोर्टात चालताना एकदा डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या भिंतीपाशी सावलीला थांबलो आणि सवयीने दगडाकडे पाहिले. तो मालाडचा पिवळसर दगड होता. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टप्रमाणे तोही ज्वालामुखीतूनच आलेला, पण त्यात सिलिका जास्त, म्हणून रंग फिका. मी भिंतीला नाक लावून पाहत होतो आणि पहारेकरी माझ्याकडे. त्यानंतर मी रोज एक इमारत घेऊ लागलो. राजाबाई टॉवरचा कुर्ल्याचा दगड, गेट वे ऑफ इंडियाचा पिवळा बसाल्ट. फोर्टात ठिकठिकाणी वापरलेला पोरबंदरचा दुधी चुनखडक, ज्यात भिंगातून पाहिले तर समुद्री सूक्ष्मजीवांच्या कवचांचे कण दिसतात. दहा रुपयांचे भिंग शर्टाच्या खिशात ठेवू लागलो. नोकरीत राहून भूशास्त्रज्ञ झालो, असा दावा मी करणार नाही. त्या मित्राच्या हिमालयाशी माझ्या फोर्टाची तुलना होऊ शकत नाही, आणि ते शल्य गेले असेही नाही. पण जे मेले म्हणून मी रोज सुतक पाळत होतो, ते निदान चालते-फिरते आहे, याची मला खात्री पटली.

नोकरी सोडण्याचा विचार मी या साऱ्या काळात एकदाही केला नाही, असे कोणी समजू नये. डायरीच्या शेवटच्या पानांवर तो हिशेब आहे : खोलीचे भाडे, बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचे हप्ते, शिल्लक, आणि एम.एस्सी.ला दोन वर्षे गेली तर काय होईल. हिशेब जमला नाही. दोन वर्षांनी पुन्हा मांडला, तेव्हा जमत होता, पण तोवर माझे लग्न ठरले होते आणि मला स्वतःलाच पुरेशी उबळ राहिली नव्हती. ही माझी हार आहे की निवड, यावर मी पूर्वी रात्री जागत असे. आता जागत नाही. उत्तर मिळाले म्हणून नव्हे, दहाला झोप येते म्हणून.

फ्लोरा फाउंटनची मात्र मी बराच काळ वाट पाहत होतो. दुरुस्तीसाठी त्याला वेढा घातलेला होता आणि २०१९ च्या जानेवारीत तो उघडला. त्यानंतर महिन्याभरात आबा डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला आले, तेव्हा दुपारच्या सुट्टीत मी त्यांना तिथे घेऊन गेलो. कारंज्याचा दगड इंग्लंडमधून जहाजाने आणलेला पोर्टलंडचा चुनखडक आहे, साडेचौदा कोटी वर्षांच्या आसपासचा. आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, म्हणजे हा दगड त्याच्या दुपटीहून वयाने मोठा, असे मी मोठ्या उत्साहाने समजावले. आबांनी चारी बाजूंनी फेरी मारली, हात लावायला मिळत नाही म्हणून थोडे खट्टू झाले आणि म्हणाले, "पर त्यो हितं आणला कशाला? आपल्याकडं काय दगडाची वाण हुती?" मग त्यांनी माझी शाखा पाहिली. खुर्चीवर बसून पाहिले. पंख्याकडे पाहिले. पडद्यावरचे चेक सरकताना दहा-एक मिनिटे पाहत राहिले आणि काकांना म्हणाले, "लई वंगाळ काम हाय ओ हे."

काका २०२१ मध्ये निवृत्त झाले. हल्ली लोक मोबाइलवरून पैसे पाठवतात, चेक निम्म्यावर आले आहेत आणि कमी काम हे जास्त कामापेक्षा अधिक कंटाळवाणे असते हा नवा धडा मी शिकतो आहे. त्यात ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकची पद्धतच बदलली. आता गठ्ठ्याने चेक येत नाहीत. सकाळपासून दुपारपर्यंत, जसा चेक जमा होईल तशी त्याची छबी लगोलग येत राहते आणि ठरलेल्या वेळेच्या आत निर्णय द्यावा लागतो. सात-आठ वर्षे जपलेले आमचे अर्ध्या तासांचे वेळापत्रक त्या पहिल्या आठवड्यातच मोडले. काकांच्या खुर्चीवर आता गेल्या वर्षी रुजू झालेली संगणक अभियंता मुलगी बसते. परवा दुपारी तिने मान वळवून, आवाज अगदी खाली आणून विचारले, "सर, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

मी म्हणालो, "येतो. पूर्वी अडीच ते चार यायचा. नवीन पद्धतीत केव्हा येतो, ते अजून लिहून काढायचे आहे."